न खुळखुळणारी पेटी

१

पेटी जागेवर नव्हती.

काचेचं झाकण बंद होतं. झाकणाखालच्या मखमलीवर पेटीच्या बुडाचा चौकोन उमटला होता, आणि त्याच्याशेजारी मीच लिहिलेली पाटी होती : 'न मोजलेली मतपेटी. कृपया हात लावू नये.' कोणीतरी हात लावला होता. सूचना पाळण्याची या मतदारसंघात परंपरा नाही, असं मी दुसऱ्याच फलकावर लिहिलं होतं. व्यवस्थापकांनी ते वाक्य काढायला लावलं.

मी या दालनाचा इतिहासलेखक. कंत्राटी. शहराच्या जुन्या सभागृहात तिसऱ्या मजल्यावर 'आपला मतदारसंघ : निवडणुकांचा इतिहास' असं कायमचं प्रदर्शन उभं राहत होतं. लिफ्ट बंद होती, त्यामुळे इतिहासाचा प्रत्येक तुकडा जिन्याने वर चढला, आणि त्यातले बरेचसे माझ्या खांद्यावरून.

वर्षभर मी या मतदारसंघाच्या सगळ्या निवडणुका उपसत होतो. कोण आलं, कोण पडलं, कोणाचं डिपॉझिट गेलं, कुठली वस्ती कुठल्या फेररचनेत शेजारच्या मतदारसंघात ढकलली गेली आणि पुढच्या फेररचनेत तोंड पाडून परत आली. एका न्हाव्याच्या दुकानातून तर हद्दच गेली आहे. खुर्ची आपल्यात, आरसा त्यांच्यात. गिऱ्हाईक दाढी आपल्याकडे करतं आणि बघतं शेजारी.

हे कोणी वाचणार नव्हतं. लोकांना फक्त एका निवडणुकीत रस होता, आणि ती निवडणूक म्हणजे ही पेटी.

त्या वर्षी साहेब सतरा मतांनी निवडून आले. पडली ती माझी आत्या. निकाल लागला, मिरवणूक निघाली, आणि नंतर एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक सीलबंद मतपेटी सापडली. तिच्याकडे मोजणीत कोणी बघितलंच नव्हतं. चौकशी समिती बसली. समितीने मुदतवाढ मागितली, मग आणखी मागितली, आणि मग साहेबांची खासदारकीचीच मुदत संपली. तेव्हापासून अर्धं शहर म्हणतं की आत्याचा विजय त्या पेटीत आहे. उरलेलं अर्धं म्हणतं, पेटीतली धरली तर साहेब हजारांनी आलेले असणार.

दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. निवडणूक कचेरीच्या तळघरात पेटी जाडजूड साखळीने भिंतीला बांधलेली असे. येईल तो साखळी धरून तिला हिसका देई. आत काहीच खुळखुळत नसे. त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला होता की पेटी मतांनी गच्च भरली आहे.

परवा उद्घाटन होतं. आताच्या खासदारबाई फीत कापण्याऐवजी ती पेटी सगळ्यांसमोर उघडणार होत्या. कल्पना व्यवस्थापकांची होती. मी त्यांना फोन लावला.

"पेटी गेली," मी म्हणालो.

"कुठे?"

"ते कळलं असतं तर 'गेली' म्हणालो नसतो."

ते मग म्हणाले, "किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग झालं तर," ते म्हणाले. "परवापर्यंत पेटी नाही आली, तर मी अहवालात तेवढंच लिहीन." आणि फोन ठेवला.

२

पहिला संशयित अर्थातच व्यवस्थापक. पेटी उघडण्याची घोषणा त्यांनी वर्तमानपत्रात केली आणि मग त्यांना झोप लागेना, हे मला ठाऊक होतं. पेटीच नाहीशी झाली तर आतून काय निघेल ही काळजीही नाहीशी. पण लिफ्ट बंद पडल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावर आलेलेच नव्हते. या दालनाचं कौतुक ते तळमजल्यावरून, फोटो बघून करत. चोरी करायला तरी ते चढले असते असं मला वाटेना.

मग मी काचेच्या झाकणाकडे बघितलं आणि माझ्या निळ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

सुताराने झाकणाला टेकूची दांडी बसवली नव्हती. "उद्या बसवतो," असं तो रोज म्हणायचा. दांडी नसल्यामुळे झाकण वर राहत नसे. एकट्या माणसाने एका हाताने ते धरून दुसऱ्या हाताने पेटी काढायची म्हटली, तर झाकण बोटांवर येई. मखमल अंथरताना माझ्यावर आलं होतं. हमालांनी पेटी आत ठेवली, तेव्हा शेवटी मी दरवानाला झाकण धरायला बोलावलं.

आता झाकणावर साधा चरा नव्हता.

म्हणजे मी चोर शोधत नव्हतो. चोर शोधत होतो, पण अनेकवचनी.

दरवान खाली जिन्याच्या तोंडाशी बसतो. "किल्ली माझ्याकडे असते" याचा अर्थ ती त्याच्या डोक्यावरच्या खिळ्यावर असते.

"काल सकाळी मी छापखान्यात गेलो तो परत आलोच नाही, तेव्हा वर कोण आलं होतं?" मी विचारलं.

"तुम्ही भांडायला गेला होतात तेव्हा?"

"हो." पडलेल्या उमेदवारांच्या फलकावर छापखान्याने 'हार्दिक अभिनंदन' छापलं होतं.

"तुम्हीच सांगितलं होतंत, ज्यांचा फोटो भिंतीवर आहे त्यांनाच सोड. तिघं आले. आधी मास्तर. बघितलं, नाक मुरडलं, रिकाम्या हाती खाली गेले. मग साहेब आणि तुमच्या आत्याबाई."

"एकत्र?"

"एकत्र कसले. जिन्यातच जुंपली. मी मान खाली घातली. मोठ्या माणसांच्या भांडणात आपण कशाला बघा."

"आणि जाताना?"

"जातानाही भांडतच गेले. साहेबांच्या हातात पिशवी होती, स्वतः उचलून चालले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, निवडणूक जाहीर झाली."

मी हसलो. हसायला नको होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता. साहेबांचे दोन्ही गुडघे बदललेले. आत्याचे बदलायला आलेले. शिलाई मशीनएवढी लोखंडी पेटी, तीही मतांनी ठासून भरलेली, हे दोघं तीन मजले खाली आणणार? ती वर आणताना दोन हमाल कण्हत होते. अर्थात हमाल रिकामी खुर्चीसुद्धा कण्हतच आणतात.

दोघांना मी यादीतून काढून टाकलं. यादीत उरला एकच माणूस, आणि मला तर दोन हवे होते.

३

मास्तर त्या निवडणुकीत केंद्राध्यक्ष होते. पेटी सापडली ती त्यांच्याच केंद्राची. त्यांनी मला दारातच उभं केलं.

"पेटी गेली ना? बरं झालं," ते म्हणाले. "त्या पेटीपायी माझी बढती गेली. 'पेटी विसरणारे मास्तर.' मुलं फळ्यावर चित्र काढायची."

"विसरलात कशी पण?"

"मी विसरलो नाही. मी सील केली. हुकूम होता की संध्याकाळी केंद्रातल्या सगळ्या पेट्यांना सील करा. मी सगळ्यांना केलं. शाईच्या पेटीला केलं. औषधाच्या पेटीला केलं. माझा डबा पत्र्याच्या पेटीत होता, तिला केलं."

"डब्याला?"

"हुकूम हुकूम असतो. उपाशी घरी आलो. दुसऱ्या दिवशी कचेरीने डबा परत पाठवला, 'हे काय?' असा शेरा मारून."

"आणि मतपेट्या?"

"त्या गाडीत चढवल्या. किती चढवल्या ते गाडीवाल्याला विचारा. तो आता नाही." त्यांनी दार अर्धं लोटलं. "आम्हाला एक पेटी जादा मिळायची, पहिली भरली तर म्हणून. कुठली भरतेय. पावसाळी दिवस, लोक घरात. आता जा, माझी झोपायची वेळ झाली."

दुपारचे बारा वाजले होते. मास्तरांकडे हेतू होता, राग होता. पण त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, दार लोटतानाही त्यांनी डावाच वापरला. झाकण धरायला त्यांना जोडीदार लागला असता, आणि मास्तरांचं जोडीदार होईल असं माणूस या शहरात नव्हतं. त्यांच्या मुलानेही वेगळं घर केलं होतं.

संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "अहवालाचा मसुदा तयार आहे," ते म्हणाले. "तुझं आडनाव कसं लिहायचं तेवढं सांग."

४

साहेब बाल्कनीत बसले होते. ते एकदाच निवडून आले, पण त्या एका वेळेवर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. कोणीही समोर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "मी सतरा मतांनी पाडलंय तुझ्या आत्याला." मला त्यांनी हे बारशापासून ऐकवलंय. डॉक्टरांना ऐकवलंय. गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्याने आकडे म्हणायला सांगितले, तर हे सतरावर थांबले.

"ये," ते म्हणाले. "चहा घेणार?"

मी सतराची वाट बघत उभा राहिलो. ते आले नाहीत.

"साहेब, पेटी चोरीला गेली."

"अरे अरे." ते कुंडीतल्या रोपाकडे बघत राहिले. "वाईट झालं. पण जुनी वस्तू. गंजलेली. काय आहे त्यात."

"तुम्हीच म्हणायचात की हजार मतं आहेत."

"माणूस बोलतो," साहेब म्हणाले. "तू बस तरी."

"कोणावर संशय?"

"कोणावर घेणार. काळ वाईट आहे."

त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि कण्हले. "काय झालं?" मी विचारलं.

"पाठ. काल जरा मागे पडलो."

"कुठे?"

"मागे," असं म्हणून त्यांनी विषय हवामानावर नेला. साहेबांनी आयुष्यात हवामानावर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. लोकसभेतसुद्धा नाही, आणि तिथे ते बोललेलंच कमी होतं.

५

आत्याकडे पोचलो तेव्हा मी वैतागाच्या टोकाला होतो. तिच्याकडे नेहमी दोनच खुर्च्या. एकीवर ती, दुसरीवर वर्तमानपत्रांची रास.

"टिल्लू, तिथे बस," ती म्हणाली. मी सहा फूट आहे. घरात मला टिल्लू म्हणतात.

खिडकीखाली चादर घातलेली एक बुटकी बैठक होती. मी बसलो. गुडघे कानांपर्यंत आले आणि काहीतरी कडीसारखं मांडीला टोचलं.

"आत्या, पेटी गेली."

"हो का," आत्या म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

आता आत्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. नळाला पाणी आलं नाही, तर ते साहेबांमुळे. दूध नासलं, साहेबांमुळे. तिच्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हा तिने साहेबांच्या काळातल्या रस्त्यापासून सुरुवात करून थेट त्या मुलीच्या नकारापर्यंत आणून दाखवलं, आणि ऐकताना मला ते पटलंही.

"कोणी नेली असेल?" मी विचारलं.

"भंगारवाले असतील."

"भंगारवाले?"

"नाहीतर पोरं. मी काय सांगू बाई." तिने एक शेंग तोडली. "तुझी नोकरी जाणार का रे?"

"जाणार. शिवाय पोलीस."

तिचा हात शेंगेवर थांबला. मग ती म्हणाली, "जेवून जा." मी जेवलो नाही. निघताना पाहिलं, तर ती मी उठलेल्या बैठकीवरची चादर सारखी करत होती.

रस्त्यावर येऊन मी थांब्याच्या बाकावर बसलो. बस आली, गेली. दुसरीही गेली. पेटी चोरीला गेली होती आणि आत्याने साहेबांचं नाव घेतलं नव्हतं. आणि साहेबांनी सतरा म्हटलं नव्हतं.

मी उठलो आणि परत जिना चढलो.

६

दार साहेबांनी उघडलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चपलांकडे बघायला लागले. माझ्या मागोमाग लगेच रिक्षाने आले असणार.

"आत ये," आतून आत्या म्हणाली. "आणि त्या माणसालाही आत घे. उंबऱ्यावर उभं राहून लोकांना दाखवतोय."

मी सरळ खिडकीखाली गेलो आणि चादर उचलली. लोखंडी पेटी. गंजलेली. बाजूला कडी, जी मघापासून माझ्या मांडीवर उमटलेली होती. मी तपास करत होतो तेव्हा पुराव्यावर बसलो होतो.

"कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

"झाकणाला दोन माणसं लागतात. त्या सकाळी वर दोघंच एकत्र होती, आणि तुमच्या दोघांशिवाय कोणाला भांडत भांडत जिना चढता येत नाही. दरवानाने मान खाली घालावी म्हणूनच भांडलात. तुमच्या हातात पिशवी होती साहेब. तुम्ही मतदानाची चिठ्ठीसुद्धा दुसऱ्याच्या हातात देता."

"आणि मी?" आत्या म्हणाली.

"तू भंगारवाल्यांवर संशय घेतलास. ह्यांना सोडून. तेव्हाच संपलं होतं."

आत्याने साहेबांकडे बघितलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला, नेहमीसारखं वागा म्हणून."

"मी हवामानावर बोललो," साहेब म्हणाले.

"एकच अडत होतं," मी म्हणालो. "मतांनी भरलेली पेटी तुम्ही दोघं तीन मजले आणूच शकत नाही. म्हणून मी तुम्हाला सोडून दिलं. पण तुम्ही ती आणलीत. म्हणजे ती भरलेली नाही. खुळखुळत नाही, कारण आत खुळखुळायला काही नाही. ही मास्तरांची जादा पेटी. त्यांनी हुकूम म्हणून तिलाही सील ठोकलं, आपल्या डब्यालाही ठोकलं. डबा परत आला. ही अडगळीत राहिली."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"उचलली तेव्हाच कळलं," आत्या म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, झाकण मी धरते, तुम्ही नीट जोर लावून उचला, जड असेल. ह्यांनी जोर लावला. पेटी चटकन वर आली आणि हे मागच्या मागे आडवे. आधी मला हसू आलं."

"मग?"

"मग नाही आलं."

साहेब दुसऱ्या खुर्चीतली वर्तमानपत्रं खाली ठेवून बसले. "आम्हाला उघडू द्यायची नव्हती, एवढंच. तिचा विजय निघाला असता तर मी कोण? माझा निघाला असता तर ही कोण? पहिल्यांदाच एकमत झालं. आणि उचलली तर हे. म्हणजे सतरा मतांनी मी खरोखरच निवडून आलो होतो, हे सिद्ध झालं." त्यांनी पाठ चोळली. "मला अजिबात आवडलं नाही."

"का?"

"मग बोलायचं काय?"

आत्या पेटीकडे बघत होती. "आमचे पोस्टर लावणारे गेले. ह्यांचे फाडणारे गेले. मोजणीला बसलेले गेले. त्या निवडणुकीबद्दल माझ्याशी भांडेल असा हा एकटा उरलाय, टिल्लू. परवा ती बाई पेटी उघडेल, आतून काही निघणार नाही, आणि सगळे हसतील. कोणाला हसतील?"

"दोघांनाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण तुझी नोकरी आहे. घेऊन जा. मी सांगते सगळ्यांना, मी नेली होती म्हणून."

"आम्ही," साहेब म्हणाले.

मी पेटी उचलली. एका हाताने. एवढं वर्ष मी या मतदारसंघाचा इतिहास खांद्यावरून वाहिला, आणि त्यातला सगळ्यात वजनदार म्हणून प्रसिद्ध असलेला तुकडा माझ्या जेवणाच्या डब्याएवढा भरला.

दारातच मला सुचलं. मी आत्याच्याच फोनवरून व्यवस्थापकांना लावला.

"पेटी मिळाली," मी म्हणालो. "साफसफाईत हलवली होती. एक विचारायचं होतं. परवा ती उघडायला लेखी परवानगी कोणाची घेतलीत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"न मोजलेली मतपेटी आहे," मी म्हणालो. "चौकशी समिती कागदावर अजून बसलेलीच आहे. सील तोडलं तर समिती पहिलं काय विचारेल? किल्ली कोणाकडे होती, असं नाही विचारणार. घोषणा कोणी केली, असं विचारेल."

"फीत," व्यवस्थापक म्हणाले. "फीत बरी. फीतच ठेवू. तुझं आडनाव मी मसुद्यातून काढतो."

७

उद्घाटनाला गर्दी झाली. सगळे जिना चढून आल्यामुळे पहिली काही मिनिटं कोणी बोलू शकलं नाही, आणि भाषणाला त्यापेक्षा चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही. व्यवस्थापकही आले, मध्ये दोनदा बसून.

पेटी झाकणाखाली होती. सुताराने दांडी बसवली नव्हती, उद्या बसवणार होता. पण मी त्याच्याकडून पेटी चार स्क्रूंनी खालच्या फळीला पक्की करून घेतली. आता कितीही ओढा, ती जडच लागेल. एका माणसाने झाकण उचलून धरलं, दुसऱ्याने पेटी हलवायचा प्रयत्न केला आणि मान डोलावली. "गच्च भरलीय," तो म्हणाला. "जराही खुळखुळत नाही."

मी फलकावर उरलेलं सगळं खरं लिहिलं आहे. न्हाव्याचं दुकान, फेररचना, डिपॉझिट. या मतदारसंघाविषयी मी स्वतः शोधून काढलेली एकच गोष्ट आहे, आणि ती तेवढी फलकावर नाही.

आत्या आणि साहेब पहिल्या रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून बसले होते. ती खुर्ची मी मुद्दाम ठेवली होती. व्यवस्थापकांनी माइक हातात घेतला, "आजचा दिवस" म्हणाले, आणि माइक बंद पडला.

मी आत्याकडे बघितलं.

"ह्याच माणसाचं काम," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ह्याच्याच काळातली वायरिंग आहे."

साहेब शेजारच्या अनोळखी बाईकडे वळले. "मी सतरा मतांनी पाडलंय हिला," ते म्हणाले.

"पेटी उघडू दे एकदा," आत्या म्हणाली.

"उघडू दे की," साहेब म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतोय."